‘आरवडे’चं ‘आठवडे’ कसं झालं: शीतगृहातल्या एका लिनक्स संगणकाचं प्रकरण

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिरज-पंढरपूर रस्त्यालगतच्या एका शीतगृहात एक शेतकरी टेम्पो घेऊन माल काढायला आला. त्याच्या हातातल्या पावतीवर २४० बॉक्स होते आणि ऑफिसातल्या संगणकावर २४. बेदाण्याचा एक बॉक्स पंधरा किलोचा, म्हणजे सव्वातीन टनांचा फरक. आवाज चढायला लागले तेव्हा दिवाणजींनी कपाटातून आपली लाल कापडी बांधणीची वही काढली, बोट लावून ओळ शोधली आणि २४० दाखवले. टेम्पो भरून गेला. संध्याकाळी या दिवाणजी काकांनी मला फोन केला.

“यंत्र खोटं बोलायलंय बघा. मालक म्हणतोय लाइटमुळं. मला काय तसं वाटंना.”

मी सांगलीच्या विश्रामबागेत संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. या शीतगृहाचं काम मी आधी कधी केलेलं नव्हतं. फोनवर मालकांनी सांगितलेली तक्रार मात्र वेगळीच होती: ‘फाइल सिस्टिम तिसऱ्यांदा करप्ट झालीय.’ (फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था.) चोवीस बॉक्सचं त्यांनी काढलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी ती ऑपरेटरची चूक होती आणि फाइल सिस्टिमशी तिचा काही संबंध नव्हता.

आधीचे तीन दणके

जागा समजावी म्हणून थोडं सांगतो. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात द्राक्षं शेडवर सुकवतात. बेदाणा निवडून, प्रतवारी लावून बॉक्समध्ये भरला की शीतगृहात येतो आणि भाव बरा मिळेपर्यंत थंडीत बसून राहतो. फेब्रुवारी ते मे ऑफिसात उसंत नसते. आवक, जावक, चेंबर, रॅक, लॉट, शेतकऱ्याचं नाव, गाव, बॉक्स, वजन हे सगळं एका साध्या डेस्कटॉपवर होतं. त्यावर लिनक्सची उबुंटू २२.०४ ही आवृत्ती, २४० जीबीची एसएसडी डिस्क, तिच्यावर एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम. मालकांच्या पुण्यातल्या पुतण्याने पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिलेला. तो सगळा हिशेब साध्या सीएसव्ही फाइलींत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकुरात, ठेवतो. नवी नोंद झाली की पूर्ण फाइल वाचायची, जुन्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या, नवी ओळ खाली जोडायची आणि फाइल परत लिहायची. डेटाबेस का नाही वापरला, असं मी आधी मनात म्हटलं. पुढे याच साधेपणाने आम्हाला वाचवलं.

पहिला दणका एप्रिलमध्ये. वळवाचा पाऊस, कडकडाट, लाइट गेली. परत आली तेव्हा संगणक काळ्या पडद्यावर येऊन थांबला. अनपेक्षित विसंगती सापडली आहे, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) हाताने चालवा, असा तो संदेश होता. ऑपरेटर पोराने पुण्याला फोन लावला, पुतण्याने ‘वाय’ लावून एफएससीके चालवायला सांगितलं. ‘वाय’ म्हणजे दुरुस्तीच्या प्रत्येक प्रश्नाला आधीच ‘हो’. संगणक सुरू झाला. लाइटीवर ठपका ठेवून यूपीएसची बॅटरी बदलली.

दुसरा दणका अकरा दिवसांनी, भर दुपारी, लाइट व्यवस्थित असताना. नोंद सेव्ह करायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. ही उबुंटूची नेहमीची खबरदारी आहे. मुख्य पार्टिशनवर कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काही विपरीत दिसलं की तो लिहिणं बंद करतो, म्हणजे आहे ते तरी आणखी बिघडू नये. पुतण्याने निदान केलं, एसएसडी गेली. नवी एसएसडी आणली, जुनीवरून नवीवर सगळं क्लोन केलं.

तिसरा दणका त्या नव्या एसएसडीवर, आठ दिवसांनी.

इथेच मला पहिली शंका आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन डिस्क एकाच महिन्यात एकाच तऱ्हेने जाव्यात, हे पटणारं नव्हतं. आणि लाइटीचं कारण तर मला सुरुवातीपासूनच तोकडं वाटत होतं. का, ते काकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं.

रोजकीर्द आणि खतावणी

एक्स्ट-फोर २००८च्या शेवटी लिनक्स कर्नेलमध्ये पक्की झाली. तिच्याआधीच्या एक्स्ट-थ्रीपासून या घराण्यात जर्नल आहे. हा शब्द हिशेबातलाच: जर्नल म्हणजे रोजकीर्द. फाइल सिस्टिमला काही बदल करायचा असला, नवी फाइल, नवं नाव, नव्या जागेचं वाटप, तर ती आधी रोजकीर्दीत नोंद करते आणि मग सवडीने खतावणीत चढवते. मधेच लाइट गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना रोजकीर्द उघडते, पूर्ण नोंदी खतावणीत चढवते, अर्धवट नोंद सोडून देते. शेवटचे काही सेकंद हातचे जातात, पण खतावणी जुळलेली राहते. म्हणून धडधाकट यंत्रावर नुसती लाइट गेल्याने एफएससीके हाताने चालवायची वेळ सहसा येऊ नये. काही डिस्क ‘लिहिलं’ म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात ते कॅशमध्येच असतं, तिथे घोळ होऊ शकतो. पण तोही लाइट गेल्यावरच. दुसऱ्या दणक्याला लाइट गेलेलीच नव्हती.

काका म्हणाले, “मग रोजकीर्दीतच चुकीचं उतरलं तर?”

प्रश्न बरोबर जागी लागला होता. मला तो तेव्हा तितका कळला नाही, हे कबूल करतो.

तपासणी आणि माझी चूक

मी लाइव्ह उबुंटूचा, म्हणजे संगणकाची डिस्क न वापरता थेट चालणाऱ्या उबुंटूचा, पेनड्राइव्ह नेला होता. बिघडलेल्या फाइल सिस्टिमवरून संगणक सुरू करायचा नाही, कारण सुरू होताना ती स्वतःवरच लिहीत असते. बघायला म्हणून माउंट करायचं, म्हणजे जोडून उघडायचं झालं तरी नुसतं ‘रीड-ओन्ली’ पुरत नाही. एक्स्ट-फोर रीड-ओन्ली माउंट करतानाही जर्नल चढवते, म्हणजे डिस्कवर लिहिते. सोबत ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो. अनेकांना हे माहीत नसतं, मलाही काही वर्षांपूर्वी नव्हतं.

स्मार्टसीटीएलने एसएसडीची तब्येत पाहिली. बदललेले सेक्टर शून्य, केबलच्या चुका मोजणारा सीआरसीचा आकडा शून्य. कर्नेलच्या जुन्या नोंदी वाचल्या. डिस्क खरोखर जात असते तेव्हा तिथे ‘अमुक सेक्टर वाचता आला नाही’ अशा तक्रारींची रांग असते. इथे एकही नव्हती. होत्या त्या सगळ्या वरच्या मजल्यावरच्या: अमक्या गटाच्या ब्लॉक बिटमॅपची चेकसम जुळत नाही, तमक्या डिरेक्टरी ब्लॉकची चेकसम चुकली. (चेकसम म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा.) एक्स्ट-फोरची साधनं असलेल्या ई-टू-एफएस-प्रॉग्ज या संचाच्या, २०१६ साली आलेल्या १.४३ आवृत्तीपासून नवी एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम बनवताना मेटाडेटावर, म्हणजे तिच्या स्वतःच्या नोंदींवर, चेकसम आपोआप लागते. म्हणजे डिस्क म्हणत होती ‘मी दिलं ते बरोबर दिलं’ आणि फाइल सिस्टिम म्हणत होती ‘हे मी लिहिलेलं नाही’.

मग नेमाप्रमाणे आधी इमेज. मूळ डिस्कला हात लावण्यापूर्वी तिची बिट-न्-बिट प्रत घ्यायची आणि प्रयोग प्रतीवर करायचे. डीडीरेस्क्यू लावून पूर्ण पार्टिशनची इमेज माझ्या यूएसबी डिस्कवर काढली. एकही वाचन-चूक आली नाही. त्या इमेजवर ‘एन’ लावून एफएससीके चालवलं. ‘एन’मध्ये ते फक्त बघतं, काही लिहीत नाही. जर्नल चढवलेलं नसल्यामुळे त्यात काही तक्रारी फुकटच्याही दिसतात, त्यामुळे चौदा तक्रारी पाहून मी घाबरलो नाही. काकांनी मागवलेला चहा आला. चहा पिऊन, कर्नेलची कॅश रिकामी करून, पुन्हा तीच आज्ञा दिली.

या वेळी नऊ. आणि त्यांतल्या दोन पहिल्या यादीत नव्हत्याच.

कुणीही त्या फाइलवर काही लिहिलं नव्हतं. तरी तोच मजकूर दोनदा वाचल्यावर दोन वेगवेगळे अर्थ निघत होते. मजकूर बदलला नसेल तर वाचणारा बदललाय. तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली: मी अर्धा दिवस घालवून काढलेली इमेज कचरा आहे. लाइव्ह पेनड्राइव्ह वापरला म्हणून मी निर्धास्त होतो. पण पेनड्राइव्हने फक्त डिस्क बदलली, मेमरी त्याच संगणकाची होती. इमेजचा प्रत्येक बाइट त्याच मेमरीतून गाळून आला होता.

“काका, या संगणकाची रॅम कधी बदलली होती का हो?”

“बदलली न्हाई. घातली. जानेवारीत, सीझनच्या आधी. हळू चालतंय म्हणून मालकांनी सेकंडहँड एक पट्टी आणली. त्यानंतर लई भारी पळायला लागलं.”

चार जीबीची एक पट्टी आधीची, चार जीबीची एक नवी-जुनी. जानेवारी-फेब्रुवारीत फारसं काही बिघडलं नाही, कारण मेमरी जितकी कमी वापरात तितकी खराब जागा कामाच्या वाट्याला येण्याची शक्यता कमी. एप्रिलमध्ये आवक वाढली, फाइली फुगल्या, ब्राउझर दिवसभर उघडा राहायला लागला.

सोळाचा फरक

एसएसडी काढून दुकानात आणली आणि माझ्या खात्रीच्या संगणकावर तिची दुसरी इमेज घेतली. मग दोन्ही इमेज सीएमपीने बाइटागणिक ताडून पाहिल्या. ‘एल’ पर्याय लावला की सीएमपी प्रत्येक वेगळ्या बाइटची जागा आणि दोन्हीकडच्या किमती अष्टमान पद्धतीत छापतं. ६३ जागा निघाल्या. यादी अशी: ६१ आणि ४१. ६५ आणि ४५. ६० आणि ४०. ६६ आणि ४६. १६४ आणि १४४. खाली खाली जात राहिलो. प्रत्येक जोडीत अष्टमानातल्या २० चाच फरक, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत सोळाचा. आणि प्रत्येक वेळी संशयित मेमरीतून आलेली किंमतच कमी.

सोळा म्हणजे एका बाइटातल्या आठ बिटांपैकी उजवीकडून पाचवा. तो बिट काही जागी कायमचा शून्यावर अडकला होता. तिथे एक ठेवा, वाचताना शून्य मिळणार. शून्य ठेवलं तर कुणाला काही कळणारही नाही.

आता जुन्या सगळ्या घटना एकेक करून उलगडायला लागल्या. संगणकात इंग्रजी अंक १ चा क्रमांक ४९. त्यातून सोळा गेले की ३३, म्हणजे उद्गारचिन्ह. ५ मधून सोळा गेले की ‘%’. मालक दोन महिने ऑपरेटरला बोलत होते, कारण आवकच्या यादीत अधूनमधून १५ च्या जागी ‘!५’ किंवा ‘१%’ उमटायचं. कीबोर्डवर शिफ्ट दाबून १ मारला तर उद्गारचिन्ह येतं, शिफ्ट दाबून ५ मारला तर टक्के येतं. सगळ्यांना वाटलं, पोराचं करंगळीचं बोट शिफ्टवर पडतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

पोर निर्दोष असल्याचा पुरावा त्याच यादीत होता. ६ च्या जागी ‘&’ आलेला एक आकडा. हल्लीच्या कीबोर्डवर ‘&’ ६ वर नसतो, ७ वर असतो. बोट चुकलं असतं तर ‘^’ उमटलं असतं. (जुन्या टेलिटाइप यंत्रांवर मात्र शिफ्टची कळ खरोखरच हाच बिट उलटवायची, त्यामुळे तिथे ‘&’ ६ वरच असे. आपल्या कीबोर्डवरची १ आणि ५ वरची चिन्हं त्या यंत्रांशी जुळतात. म्हणूनच मेमरीचा दोष इतका बेमालूम बोटावर ढकलता आला.)

आणि २४० चे २४? शून्याचा क्रमांक ४८. सोळा गेले की ३२, म्हणजे मोकळी जागा. फाइलमध्ये ‘२४’ आणि त्याच्यामागे एक स्पेस होती. पायथन अशा मजकुराचा आकडा करताना कडेच्या मोकळ्या जागा बिनबोभाट टाकून देतो. उद्गारचिन्ह आलं तर प्रोग्रॅम अडतो, कुणीतरी बघतो. शेवटचं शून्य गेलं तर काहीच अडत नाही, फक्त दोनशे सोळा बॉक्स नाहीसे होतात.

मी हे सगळं काकांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते आकड्याचं कळलं. पण आरवड्याचं आठवडे कुणी केलं?”

मला समजेना. त्यांनी गाववार यादीचं छापील पान पुढे केलं. तासगाव तालुक्यातलं आरवडे. तीन ओळींत त्याचं ‘आठवडे’ झालं होतं. खाली एक ‘नावळज’ होतं, एक ‘मणेठाजुरी’ आणि एक ‘तानगाव’. एका शेतकऱ्याचं आडनाव ‘पाटीढ’. काकांनी हे एप्रिलमध्येच पाहिलं होतं, पोराचं मराठी टायपिंग कच्चं आहे असं समजून पेनाने खुणा करून ठेवल्या होत्या.

मी युनिकोडचा तक्ता उघडला. र चा क्रमांक २३५२, ठ चा २३३६. सोळा. स २३६०, न २३४४. सोळा. ल आणि ढ, व आणि थ, श आणि द, सगळीकडे सोळाच. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं. आपल्या नेहमीच्या अक्षरांत पहिल्या दोन बाइटांत तो पाचवा बिट आधीच शून्य असतो, त्यामुळे ते बचावतात. घाव बसतो तिसऱ्यावर, आणि तिथे सोळा कमी झाले तरी उरतं ते देवनागरीचंच रीतसर अक्षर. त, म, ण, प यांना धक्का लागत नाही, कारण त्यांचा तो बिट मुळातच शून्य. इंग्रजी अंक बिघडला की निदान विचित्र चिन्ह होऊन ओरडतो. मराठी अक्षर बिघडलं की दुसरं मराठी अक्षर होऊन गप्प बसतं, आणि ‘आठवडे’ तर शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही खटकणार नाही.

हीच गोष्ट फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या कागदपत्रांत घडत होती. हिशेबाच्या फोल्डरचं इंग्रजी नाव ‘स्टॉक’, त्यातल्या टीचं डी होऊन बसलं होतं. सीएमपीच्या यादीतली १६४ आणि १४४ ची जोडी तीच जात. कुठली जागा मोकळी आणि कुठली भरलेली हे सांगणारा बिटमॅप म्हणजे तर नुसते बिटच. त्यातला एकाचा शून्य झाला की भरलेली जागा मोकळी दिसते आणि दुसरी फाइल तिथे येऊन बसते. काकांनी विचारलेला प्रश्न हाच होता. जर्नल प्रामाणिक होतं, एसएसडी प्रामाणिक होती, पण सांगणाराच चुकीचं सांगत होता. आणि या सगळ्यावर तीनदा ‘वाय’ लावून एफएससीके चालवलं होतं, त्याच मेमरीत. डोळ्यात फूल पडलेल्या माणसाकडून डोळ्याचं ऑपरेशन करून घेण्यासारखं ते होतं.

खात्री म्हणून दोन्ही पट्ट्या ठेवून रात्रभर मेमटेस्ट८६ प्लस हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवला. त्याची जुनी आवृत्ती यूईएफआयवर (संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीवर) चालत नसे, २०२२ साली आलेली सहावी चालते. पहिली फेरी पूर्ण व्हायच्या आतच लाल ओळी आल्या, सगळ्या एकाच बिटाच्या. एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली. जुनी स्वच्छ. सेकंडहँड पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबरने घासून, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून परत तपासली, कारण कधीकधी दोष नुसत्या मळाचा निघतो. या वेळी नाही. पट्टी जिथे जाईल तिथे चूक मागोमाग गेली.

दुरुस्ती

खराब पट्टी काढल्यावरच मी पहिल्यांदा काही लिहायला हात घातला, आणि तेही दुकानातल्या इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर. जर्नल चढलं, मग एफएससीकेच्या पाचही फेऱ्या: इनोड (प्रत्येक फाइलीची नोंद), डिरेक्टरींची रचना, त्यांची जोडणी, दुव्यांची मोजणी, गटांचा गोषवारा. सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक, शाबूत होता, त्यामुळे ३२७६८ व्या ब्लॉकवरच्या राखीव प्रतीपर्यंत जावं लागलं नाही. लगेच दुसऱ्यांदा चालवलं, एकही तक्रार नाही. तिसऱ्यांदाही तेच. एवढी साधी गोष्ट, पण गेल्या महिनाभरात या संगणकावर ती कुणी केलीच नव्हती.

‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये अकरा फाइली निघाल्या. नाव इनोडमध्ये नसतं, डिरेक्टरीत असतं. डिरेक्टरी गेली की नाव जातं आणि फाइलीला फक्त इनोडचा क्रमांक उरतो. फाइल नावाच्याच आज्ञेने त्यांचा प्रकार पाहिला, मजकुरावरून दोन आवकच्या फाइली आणि मार्चची जावक ओळखू आली. बाकी ब्राउझरचा कचरा.

यानंतरचं काम एफएससीके करू शकत नाही आणि त्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. ‘क्लीन’ म्हणजे खतावणीची पानं जागेवर आहेत, पानावरचा आकडा खरा आहे असं नव्हे. एक्स्ट-फोर मेटाडेटावर चेकसम ठेवते, फाइलीतल्या मजकुरावर नाही. बीटीआरएफएससारखी फाइल सिस्टिम मजकुरावरही चेकसम ठेवते. पण मेमरीत आधी अक्षर बदललं आणि मग चेकसम काढली, तर तीसुद्धा चुकीच्या अक्षराची बरोबर चेकसम काढणार. माझ्या मते या प्रकरणात तिचा उपयोग एवढाच झाला असता की बोंब लवकर झाली असती. तेही कमी नाही म्हणा.

आकड्यांच्या रकान्यांचं काम सोपं निघालं. दहाही इंग्रजी अंकांतून सोळा वजा केले की येणारं चिन्ह अंक नसतंच. त्यामुळे आकड्यांच्या रकान्यात अंकाखेरीज जे काही दिसेल, मोकळी जागासुद्धा, ते बिघडलेलं, आणि सोळा मिळवले की मूळ अंक परत. २९ ओळी अशा दुरुस्त झाल्या. तरी प्रत्येक ओळ काकांच्या वहीशी ताडली, त्यांच्या आग्रहाखातर. सगळ्या जुळल्या.

गावं आणि नावं यांना असा सोपा मार्ग नव्हता. दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला जायचा, पण आधीच्यावरच नवा लिहून, त्यामुळे तिथेही आठवडेच. ड्रॉवरमध्ये पडलेली पहिली एसएसडी मात्र कामाला आली. ती बिचारी ठणठणीत होती. तिच्यावरच्या फाइली आणि नवीवरच्या फाइली ताडल्या की जिथे फरक, तिथे निदान एक बाजू खरी. ज्या चुका क्लोनच्या आधीच शिरल्या होत्या त्या दोन्हीकडे सारख्याच. त्यांच्यासाठी सगळ्या गावांची यादी काढली, प्रत्येक गाव किती वेळा आलंय ते मोजलं आणि कमी वेळा आलेली वर आणली. तासगाव शेकड्यांनी, ‘तानगाव’ एकदा. काकांनी यादी हातात घेतली आणि पेन्सिलने सरळ वरून खाली गेले. माझी आज्ञा लिहून होईपर्यंत त्यांचं पान संपलं होतं.

संगणकात आता त्याच दुकानदाराकडची नव्हे, नवी कोरी पट्टी आहे. तीही एक रात्र मेमटेस्टखाली काढून मग कामाला लावली. ती सेकंडहँड पट्टी विकणारा परत घेताना म्हणाला, “आमच्या टेबलावर तर मस्त चालती की.” चालत असेलही. उबुंटू मी कोऱ्यावरून बसवलं, पहिल्या एसएसडीवरच. दुसरी बॅकअपला ठेवली, तिच्यावर रोजची प्रत तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. प्रोग्रॅममध्ये गाव आता टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं, आणि यादीत नसलेलं गाव फाइलीत दिसलं तर तो उघडतानाच थांबतो. आकड्यांच्या रकान्यात मोकळी जागा दिसली तरी थांबतो. पुतण्याने हे बदल एका संध्याकाळी करून पाठवले. चुका मोजणारी आणि सुधारणारी ईसीसी मेमरी असती तर हे घडलंच नसतं, पण ती या जातीच्या साध्या बोर्डावर चालत नाही आणि एवढ्यासाठी नवा संगणक घ्या असं सांगायला मला जीभ रेटेना. यूपीएसची नवी बॅटरी राहू दे म्हटलं. तिची गरज होतीच, फक्त या कारणासाठी नव्हती.

शेवटी एक ओळ अडली. गाव ‘नागाव’, बॉक्स ८०, मार्चमधली नोंद, दोन्ही एसएसडींवर सारखीच. वहीच्या त्या पानावर चहा सांडून गावाचं नाव पुसलेलं, आकडा तेवढा शिल्लक. तासगावकडे नागाव आहे. पण न हा स मधून सोळा गेल्यावरही येतो, आणि सागाव नावाचं गावही जिल्ह्यात आहे, शिराळा तालुक्यात. दोन्ही खरी गावं, दोन्ही अक्षरं शुद्ध, तपासायला कुठलीच चेकसम नाही. मी काकांना म्हटलं, शेतकऱ्याला फोन लावून विचारू या.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “शिराळ्याकडं भात पिकतो. बेदाणा कशाला येईल तिथनं?”

नागाव तसंच ठेवलं.